जाळं कुणाचं, हात कुणाचे? समुद्राचे कायदे, कोर्ट आणि जात

(वेस्ट मांबलम, चेन्नई इथे मराठी भाषक मित्रमैत्रिणींच्या घरगुती अभ्यासबैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज आपण समुद्रावर बोलणार आहोत आणि जेवणात मासा नाही. यात यजमानांचा दोष नाही. हे घर भाड्याचं आहे आणि घर देताना मालकांनी एकच अट घातली होती, या स्वयंपाकघरात मांस-मासे शिजणार नाहीत. या भागात घर शोधलेल्या प्रत्येकाला ही अट माहीत आहे. मी स्वतः स्टेशनच्या अलीकडच्या गल्ल्यांमध्ये दोन महिने घर शोधलं. ‘तुम्ही कोण’ असं कुणी थेट विचारत नाही. ‘तुम्ही काय खाता’ असं विचारतात, आणि उत्तर मिळालं की पहिल्या प्रश्नाचंही उत्तर त्यांना मिळालेलं असतं.

इथून समुद्र फार तर सहा-सात किलोमीटर आहे. तिथल्या कुप्पमांमध्ये, म्हणजे मच्छीमार वस्त्यांमध्ये, रोज पहाटे मासा उतरतो. आपल्या जिन्यावर जी जात वासाच्या नावाने उभी असते, तीच जात समुद्राच्या कायद्यात कुठे उभी आहे, हे आज बघायचं आहे. विषय कोर्टकचेरीचा आहे, पण मी तो जमेल तितका सोपा करून सांगते. इथे कुणी बँकेत आहे, कुणी आयटीत, दोघे साहुकारपेठेतून गलाईचं दुकान लवकर बंद करून आले आहेत. वकील मी एकटीच, तीही ज्युनियर.

प्रश्न असा आहे. मासेमारीवर सरकार नियम घालतं आणि मच्छीमारांच्या संघटना त्या नियमांना कोर्टात आव्हान देतात. वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘मच्छीमारांची न्यायालयात धाव’. यातला ‘मच्छीमार’ नेमका कोण?

आधी एक जाळं समजून घेऊ, कारण गेल्या चाळीस वर्षांतले बरेच मोठे खटले या एका जाळ्याभोवती फिरतात. त्याचं नाव पर्ससीन. तारली, बांगडा असे मासे पाण्याच्या वरच्या थरात थव्याने फिरतात. पर्ससीनची बोट त्या थव्याला वेढा घालत जाळ्याची भिंत सोडते. मग जाळ्याच्या खालच्या कडेला असलेल्या कड्यांमधून ओवलेला दोर ओढतात आणि जाळ्याचा तळ बंद होतो. आपल्या आजीच्या बटव्याची नाडी ओढावी तसा. गंमत अशी की तमिळमध्येही हेच आहे. इथल्या आज्या कमरेला जो नाडीचा बटवा खोचतात, त्याला सुरुक्कुपै म्हणतात आणि या जाळ्याला सुरुक्कुमडी वलै. एका ओढीत अख्खा थवा आत. ज्याच्याकडे हे जाळं आहे त्याचा दिवस सोन्याचा. ज्याच्याकडे छोटी होडी आणि साधं जाळं आहे, त्याने त्या दिवशी रिकामं परत यायचं.

हे भांडण पर्ससीनच्याही आधीचं आहे. स्वातंत्र्यानंतर विकासाच्या नावाने यांत्रिक बोटी आल्या. केरळात १९५० च्या दशकात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प आला. ट्रॉलर आले, परदेशात कोळंबीला भाव मिळू लागला आणि समुद्रात पैसा शिरला. ज्यांच्या घराण्यात कधी कुणी वल्हं हातात धरलं नव्हतं, असे लोकही बोटींचे मालक झाले. १९७० च्या दशकात मद्रासच्या किनाऱ्यावर ट्रॉलर आणि कट्टुमरम यांच्यात मारामाऱ्या झाल्या, बोटी जळल्या, माणसं मेली. त्याच काळात गोव्यात रांपणकारांनी एकवट उभारला आणि किनाऱ्यालगतचा समुद्र आम्हाला राखून ठेवा अशी मागणी केली. या लढ्यांमुळे राज्यांना कायदे करावे लागले. केरळ आणि गोवा १९८०, महाराष्ट्र १९८१, तामिळनाडू १९८३. सरकारला एके दिवशी समुद्राची दया आली म्हणून हे कायदे झाले नाहीत. छोट्या मच्छीमारांनी ते रक्त सांडून मिळवले. म्हणून ‘सरकारी निर्बंध विरुद्ध मच्छीमार’ ही मांडणीच मला पटत नाही. बहुतेक वेळा निर्बंध एका मच्छीमाराने मागितलेला असतो आणि दुसऱ्या मच्छीमाराने कोर्टात अडवलेला असतो.

तामिळनाडूच्या कायद्याने किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंतचं पाणी छोट्या, बिगरयांत्रिक होड्यांसाठी राखलं. महाराष्ट्रात ट्रॉलरसाठी खोलीचं माप लावलं, वावांमध्ये. आता संविधान काय म्हणतं ते पाहा. सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा विषय राज्यांच्या यादीत आहे, पण प्रादेशिक समुद्राच्या पलीकडची मासेमारी केंद्राच्या यादीत. प्रादेशिक समुद्र म्हणजे किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, सुमारे बावीस किलोमीटर. तिथून दोनशे मैलांपर्यंत देशाचं अनन्य आर्थिक क्षेत्र. म्हणजे बारा मैलांवर एक रेघ आहे. अलीकडे राज्य, पलीकडे केंद्र. माशाला ती रेघ ठाऊक नाही. वकिलांना मात्र चांगली ठाऊक आहे.

आता खटल्यांकडे येऊ. केरळ सरकारने १९८० च्या दशकात पर्ससीन आणि तशाच इतर जाळ्यांवर प्रादेशिक समुद्रात बंदी घातली. बोटमालक कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, संविधानाने आम्हाला व्यवसायाचं स्वातंत्र्य दिलं आहे आणि मासे कमी होतात याचा शास्त्रीय पुरावा नाही. केरळ राज्य विरुद्ध जोसेफ अँटनी या प्रकरणात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. त्या निकालाचा गाभा आपल्यासारख्यांनी पाठ करून ठेवावा असा आहे. प्रश्न फक्त मासे संपतात की नाही एवढाच नाही. वरच्या थरातला हा मासा लाखो पारंपरिक मच्छीमारांची भाकरी आहे. मूठभर यांत्रिक बोटींना बारा मैलांपलीकडे जाता येतं, छोट्या होडीला जाता येत नाही. मग दुबळ्याची उपजीविका वाचवण्यासाठी बलवानाच्या धंद्यावर घातलेलं बंधन वाजवी ठरतं. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, पावसाळ्यातल्या ट्रॉलबंदीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. एका बाजूला ट्रॉलरमालकांची संघटना, दुसऱ्या बाजूला केरळ स्वतंत्र मत्स्यतोळिलाळी फेडरेशन, म्हणजे मासेमारी कामगारांची संघटना. तिथेही बंदी टिकली.

म्हणजे कायद्याचं तत्त्व तीस वर्षांपूर्वीच ठरलं आहे. तरी भांडण का संपत नाही? त्याचं उत्तर इथेच, तामिळनाडूत आहे.

तामिळनाडू सरकारने २००० सालापासूनच पर्ससीनवर निर्बंध घातले होते आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये नव्या आदेशाने राज्याच्या समुद्रात या जाळ्यावर बंदी घातली. काही मच्छीमार आणि बोटमालक कोर्टात गेले. त्यांचा मुद्दा त्या रेघेचा होता. बारा मैलांपलीकडे राज्याचा अधिकार चालत नाही, मग तिकडे जायला आम्हाला का अडवता? केंद्र सरकारने न्यायालयात तज्ज्ञ समितीचा हवाला दिला, की बारा मैलांपलीकडे अटींवर परवानगी देता येईल. राज्याने विरोध केला. २४ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. पर्ससीन फक्त बारा मैलांपलीकडे वापरायचं. आठवड्यातून दोनच दिवस, सोमवार आणि गुरुवार. सकाळी आठच्या आधी निघायचं नाही आणि त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत परत यायचं. बोट नोंदणीकृत हवी, तिच्यावर मार्ग टिपणारं यंत्र हवं, आणि खलाशांकडे बायोमेट्रिक ओळखपत्र हवं.

निकाल दोन्ही बाजूंना थोडं थोडं देणारा, म्हणून समतोल वाटतो. पण जरा हिशेब करा. बावीस किलोमीटर जायचं, थवा शोधायचा, वेढा घालायचा, जाळं ओढायचं, पुन्हा बावीस किलोमीटर यायचं, सगळं दहा तासांत. वाटेत, अकराव्या मैलावर, थवा दिसला तर काय होईल? बोट तिथेच जाळं टाकणार नाही यावर लक्ष ठेवायला समुद्रात कोण उभं आहे? आणि आत तीन मैलांवर थांबलेल्या छोट्या होडीवाल्याने त्या सोमवारी काय करायचं? १९९३ चा निकाल दुबळ्याच्या उपजीविकेपासून सुरू होतो. २०२३ चा आदेश वेळापत्रकाने संपतो. मला यातला फरक मोठा वाटतो.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कदाचित लक्षात आली असेल. या आदेशात खलाशी कुठे येतो? फक्त ओळखपत्राच्या अटीत. ज्याच्या हातांनी ते जाळं ओढलं जातं, तो या खटल्यात तपासायची वस्तू म्हणून येतो. त्याला मजुरी किती, बोटीवर अपघात झाला तर काय, बंदीच्या दिवसांत त्याचं घर कसं चालतं, हे कुणी विचारलेलं नाही, कारण तो पक्षकारच नाही.

हेच आपल्या महाराष्ट्रात बघा. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले. नवे परवाने बंद, असलेले ४९४ परवाने टप्प्याटप्प्याने २६२ आणि शेवटी १८२ वर आणायचे. पर्ससीनचा हंगामही वर्षातले चार महिने, सप्टेंबर ते डिसेंबर. मालवणच्या समुद्रात रापणकर आणि पर्ससीनवाले यांच्यात संघर्ष झालेले तुम्ही वाचले असतील. मालकांनी या निर्बंधांना रस्त्यावर विरोध केला आणि न्यायालयाचंही दार ठोठावलं. २०२१ मध्ये राज्याने १९८१ चा कायदा दुरुस्त केला. पूर्वी दंडाचा निवाडा तहसीलदार करायचे, तो अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याकडे आला आणि दंड लाखांच्या घरात गेला. पुन्हा उपोषणं, पुन्हा अर्ज. दोन्ही बाजूंच्या फलकांवर एकच शब्द, मच्छीमार.

म्हणून मी कुठलाही खटला वाचताना तीन प्रश्न विचारते. जाळं कुणाचं? ओढतं कोण? विकतं कोण?

रत्नागिरीच्या बोटींवर आज नेपाळहून आलेले खलाशी आहेत. पालघर जिल्ह्यातले आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर जातात आणि त्यांतले काही पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षं काढून परत येतात. चेन्नईच्या कासिमेडू बंदरात आंध्रचे मजूर आहेत. ओढणारे हात हे. विकणाऱ्या बहुतेक बाया. आपल्याकडची कोळीण, इथली मीनवर बाई, टोपली घेऊन पहाटे लिलावात उभी असते. मासेमारीच्या परवान्यात तिचं नाव नसतं, कारण परवाना बोटीला मिळतो. मासा कमी झाला की पहिली झळ तिला बसते, कारण कमी माशाचा लिलाव चढा जातो आणि तिच्याकडे भांडवल नसतं. आणि ती जेव्हा आपल्या या गल्ल्यांमध्ये विकायला येते, तेव्हा तिला कुठल्या दारापुढे ओरडायचं नाही हे पाठ असतं.

आता माझ्या घरचं सांगते. मी श्रीवर्धन तालुक्यातली. आमची बौद्धवाडी खाडीच्या वरच्या अंगाला. आमच्या कुणाकडे होडी नव्हती. माझी आई कोळीवाड्यात बोंबील आणि सुकट सुकत घालायला जायची. मजुरी पैशात कमी, वाट्यात जास्त. संध्याकाळी पदरात चार वाकट्या आणि ओंजळभर सुकट. तो वाटा तिच्या टोपलीत वरून टाकला जायचा. देणारी बाई वाईट नव्हती. माझ्या आजारपणात तिने आईला उसने पैसे दिले होते, ते परतही मागितले नाहीत. पण वाटा वरूनच टाकला जायचा. शहरातले लोक त्या बाईच्या वासाने नाक मुरडायचे आणि ती आमच्या सावलीने अंग चोरायची. बाबासाहेबांनी जातीला पायऱ्यांची असमानता म्हटलं, ती मी सुकटीच्या टोपलीत पाहिली आहे.

हे मी कोळी समाजाविरुद्ध किंवा मीनवरांविरुद्ध बोलत नाही. तामिळनाडूत मीनवर हे अतिमागास यादीत आहेत, ट्रॉलर आणि बंदरं आणि रिसॉर्ट यांनी त्यांचा किनारा खाल्ला आहे. पर्ससीनविरुद्धच्या लढ्यात मी त्यांच्याच बाजूने आहे. पण बाजूने उभं राहायचं म्हणजे डोळे मिटायचे असं नाही.

इथून साठेक किलोमीटर उत्तरेला पुलिकत सरोवर आहे, तमिळमध्ये पळवेर्काडू. तिथे ‘पाडू’ नावाची पद्धत आहे. कोळंबी सापडणाऱ्या मोक्याच्या जागा चिठ्ठ्या टाकून पाळीपाळीने वाटून घेतात. भांडणं टळतात, सगळ्यांना चांगली जागा मिळते, सरोवरावर ताण येत नाही. पर्यावरणाचे अभ्यासक या पद्धतीचं कौतुक करतात आणि त्यात तथ्य आहे. पण ‘सगळ्यांना’ म्हणजे कुणाला? चिठ्ठीत नाव टाकायचं तर पट्टिनवर जातीच्या गावसंघटनेचा सदस्य असावं लागतं. सदस्यत्व बापाकडून मुलाकडे. त्याच सरोवरावर जगणाऱ्या दलितांना त्या जागांवर हक्क नव्हता. इरुळर आदिवासी बाया आजही चिखलात बसून हातांनी कोळंबी चाचपतात, त्यांचं नाव कुठल्याच चिठ्ठीत नाही. जेव्हा इतरांनी वाटा मागितला, तेव्हा वाद अधिकाऱ्यांकडे आणि न्यायालयात गेले. उत्तर तेच, ही आमची पूर्वापार वहिवाट आहे.

२००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर काय झालं तेही नोंदलेलं आहे. मदतीच्या याद्या ‘बाधित मच्छीमार’ या शब्दाभोवती बनल्या. बोटीवर मजुरी करणारे, मासळी वाहणारे, खारं पाणी शिरलेल्या शेतात राबणारे दलित अनेक ठिकाणी त्या याद्यांबाहेर राहिले. काही छावण्यांमध्ये त्यांना वेगळं बसवलं गेलं. प्रेतं उचलायला मात्र दुसऱ्या शहरांतून दलित सफाई कामगारच आणले गेले.

म्हणून ‘पारंपरिक’ या शब्दाकडे आपण जपून बघायला हवं. केरळात पर्ससीनविरुद्धचा लढा ज्या पारंपरिक क्षेत्राने जिंकला, त्याच क्षेत्राने पुढे रिंग सीन उचललं. तेही वेढा घालून ओढायचंच जाळं. ते वर्षागणिक मोठं होत गेलं, इंजिनं वाढली. इथे तामिळनाडूतही सुरुक्कुमडी वापरणारे आणि त्याला विरोध करणारे पुष्कळदा एकाच जातीचे, शेजारच्या गावांचे असतात. एका जाळ्यात कित्येक घरांचा ‘पंगु’, म्हणजे वाटा असतो. परंपरा असं म्हटल्याने कुणी लहान होत नाही आणि यंत्र असं म्हटल्याने कुणी परका होत नाही. मालकी कुठे गोळा होते आहे हे पाहावं लागतं.

पाण्यावरचा हक्क, वहिवाट आणि कोर्ट म्हटलं की आपल्याला एकच खटला आठवला पाहिजे. तो माझ्याच जिल्ह्यातला आहे.

१९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव आणला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. बोले स्वतः भंडारी समाजाचे, आपल्याच किनारपट्टीचे. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. पुढचं आपण कमी सांगतो. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर सवर्णांनी दिवाणी दावा लावला. दाव्यात त्यांनी ‘आम्ही अस्पृश्यता पाळतो’ असं म्हटलं नाही. त्यांनी म्हटलं, या तळ्यावर फक्त आमचीच वहिवाट आहे, अनादी काळापासून. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. बाबासाहेबांनी तो पाळला. त्या परिषदेत त्यांनी मनुस्मृती जाळली. आणि खटला दहा वर्षं लढवला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने दावेदारांचं अपील फेटाळलं. कारण काय दिलं? ही वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे सिद्ध झालं नाही.

या निकालातून मी दोन गोष्टी शिकले. पहिली, वहिवाट म्हटली की ती सिद्ध करायचा भार वहिवाट सांगणाऱ्यावर असतो, आणि ती उघडून पाहिली की बऱ्याचदा आत मालकी सापडते. दुसरी, कोर्ट अरुंद दारातून न्याय देतं. अस्पृश्यता चूक आहे असं त्या निकालाने म्हटलं नाही. पुरावा कमी पडला, एवढंच म्हटलं. तळं मोकळं झालं ते आधी लोक तिथे गेले म्हणून. कोर्टाने नंतर त्यावर शिक्का मारला. समुद्राच्या बाबतीतही हेच खरं आहे. १९८० चे कायदे आधी किनाऱ्यावर लढले गेले, मग विधिमंडळात आले आणि मग कोर्टात टिकले.

आता पुढे काय? नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीसाठी नवे नियम जाहीर केले. बारा मैलांपलीकडे जाणाऱ्या यांत्रिक आणि मोठ्या बोटींना ऑनलाइन प्रवेश परवाना घ्यावा लागेल, एलईडी दिव्यांनी मासेमारी आणि दोन बोटींनी एक जाळं ओढणं यावर बंदी, आणि सहकारी संस्थांना प्राधान्य. प्राधान्य सहकाराला, हे ऐकायला छान आहे. पण सहकाराचा अनुभव आपल्या महाराष्ट्राइतका कुणाला आहे? साखर कारखाना सहकारीच असतो. ऊसतोड करणारा त्याचा सभासद असतो का? समुद्रातला सहकार त्याच वाटेने जाऊ नये असं वाटत असेल, तर सभासद कोण हा प्रश्न आत्ताच विचारला पाहिजे.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते.

एक, प्रादेशिक समुद्रात पर्ससीनला विरोध करणाऱ्या छोट्या मच्छीमारांच्या बाजूने आंबेडकरी चळवळीने उघडपणे उभं राहावं. संविधानाचं कलम ४६ राज्याला दुर्बल घटकांचं आर्थिक हित जपायला सांगतं, कलम ३९ साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी वाटायला सांगतं. हे खटले आपलेही आहेत. जंगल आणि जमीन याबद्दल आपण बोलतो, समुद्र मात्र कोळ्यांचा विषय म्हणून सोडून देतो.

दोन, या खटल्यांमध्ये खलाशांच्या आणि मासे विकणाऱ्या बायांच्या संघटनांनी हस्तक्षेप अर्ज करावेत आणि आपल्यातल्या वकिलांनी ते लिहून द्यावेत. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. पश्चिम किनाऱ्यावर जून आणि जुलै. मासा वाढावा म्हणून ही बंदी हवीच. पण त्या दिवसांचा भत्ता कुणाला मिळतो, कुणाला नाही, ही यादी कोर्टापुढे यायला हवी. बोट बंद राहिली तर बोटीवरचा मजूरही बंद राहतो आणि सुकत घालणारी बाईसुद्धा.

तीन, ज्यांच्या बाजूने आपण उभे राहू त्यांना विचारायचं, तुमच्या संघटनेची यादी उघडी आहे का? त्यात इरुळर बाई बसते का? बौद्धवाडीतली सुकत घालणारी बसते का? हा प्रश्न जिंकल्यानंतर विचारायचा नसतो. जिंकल्यानंतर यादी बंद झालेली असते.

काल इथल्या एका तमिळ मैत्रिणीने मला विचारलं, तुम्ही महाडचे लोक पाण्यासाठी लढलात, मग समुद्रापर्यंत का नाही आलात? मला तिला उत्तर देता आलं नाही. खरं उत्तर असं आहे, की समुद्रावर आपल्याला कधी कुणी हक्काने उभं राहू दिलं नाही आणि आपणही तो आपला नाही असं मानलं. माझी आई चाळीस वर्षं समुद्रावर जगली. एकाही सरकारी कागदावर ती मच्छीमार नाही. ती गेली तेव्हा मृत्यूच्या नोंदणी अर्जात व्यवसायासमोर लिहिलं होतं, घरकाम.

भाषण संपलं. प्रश्न विचारा, चहा घ्या. पुढची बैठक कुप्पममध्ये घ्यावी असं मी सुचवते. तिथल्या मैत्रिणींनी बोलावलं आहे. तिथे त्या बोलतील, आपण ऐकू, आणि जेवणात मासा असेल.

जय भीम.